माणदेशातल्या मित्रास: तुझ्या लॅपटॉपच्या प्रोसेसरविषयी

कोल्हापूर,
दि. ११ जानेवारी २०२६

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र परवा मिळाले. पाणलोटाच्या कामासाठी ड्रोनने काढलेली तीनशे छायाचित्रे जोडून एका गावाचा नकाशा तयार व्हायला तुझ्या लॅपटॉपला रात्र अपुरी पडते आणि सकाळी उठून पाहावे तर काम अर्ध्यावर अडकलेले असते, हे वाचून मला तुझी तगमग कळली. नवा लॅपटॉप घेण्याइतके पैसे संस्थेकडे नाहीत, म्हणून आहे त्याच यंत्रात नवा प्रोसेसर आणि नवे ग्राफिक्स कार्ड बसवावे काय, असे तू विचारले आहेस. तुझ्याजवळ आहे तोच डेल प्रिसिजन एम४८०० मीही वापरतो आणि हे दोन्ही बदल मी माझ्या यंत्रात स्वतःच्या हाताने केले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझे मत आधीच सांगतो: प्रोसेसर अवश्य बदल, ग्राफिक्स कार्डावर मात्र तुझ्या कामासाठी एक रुपयाही घालू नकोस.

तुझे नशीब एवढ्यापुरते चांगले आहे की तुझ्या यंत्रातला प्रोसेसर काढता येतो. बहुतेक लॅपटॉपमध्ये तो मदरबोर्डावर कायमचा डाखलेला असतो आणि तिथे हा विचारच सोडून द्यावा लागतो. इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंत, म्हणजे साधारण २०१३-१४ पर्यंत, काही लॅपटॉपांत सॉकेट, म्हणजे प्रोसेसर काढता-घालता येणारी बैठक, येत असे. पाचव्या पिढीपासून इंटेलने लॅपटॉपसाठी सॉकेटमध्ये बसणारे प्रोसेसर काढणेच बंद केले. चौथ्या पिढीतही सगळे सारखे नाहीत. आकड्यापुढचे अक्षर पाहावे लागते. तुझा आय-५ ४२००एम आहे, त्यातल्या ‘एम’चा अर्थ तो सॉकेटात बसतो. त्याच आकड्यापुढे ‘यू’ असता, तर तो डाखलेला निघाला असता. ‘एमक्यू’ म्हणजे चार गाभ्यांचा (गाभा म्हणजे कोअर, स्वतंत्रपणे काम करणारा भाग) आणि सॉकेटात बसणारा. ‘एचक्यू’ म्हणजे चार गाभ्यांचा, पण डाखलेला. विक्रेते जाहिरातीत नुसते ‘आय-७’ लिहितात, त्यावर जाऊ नकोस. तिसऱ्या पिढीची चिपही घेऊ नकोस, कारण तिच्या पिनांची मांडणीच निराळी आहे आणि ती तुझ्या सॉकेटात शिरणार नाही.

मी बसवला तो आय-७ ४८१०एमक्यू. तुझ्या चिपमध्ये दोन गाभे आणि चार धागे (एकाच वेळी चालणारी कामे) आहेत, त्यात चार गाभे आणि आठ धागे आहेत. कॅश, म्हणजे चिपमधलीच छोटी जलद स्मृती, ३ एमबीची ६ एमबी होते. तुझी आज्ञावली छायाचित्रांतले सारखे बिंदू शोधते, त्यांवरून उंचसखलपणा काढते आणि मग सगळे एकत्र शिवते. या कामात ती मिळतील तेवढे गाभे वापरते. त्यामुळे फरक तुला पहिल्याच रात्री जाणवेल. वेळ बरोबर निम्म्यावर येईल असे मात्र धरून चालू नकोस, कारण मधले काही टप्पे एकाच गाभ्यावर चालतात आणि स्मृती, म्हणजे रॅम, कमी पडली की चारही गाभे हात बांधून बसतात. म्हणून खरे तर पहिला खर्च रॅमवर कर. या यंत्रात चार खाचांत मिळून ३२ जीबी रॅम बसते. ती डीडीआर३एल, म्हणजे १.३५ व्होल्टवर चालणारी हवी. तुझे काम अर्ध्यावर अडकते ते मला प्रोसेसरपेक्षा ८ जीबी रॅममुळेच अडकत असावे असे वाटते. जुनी फिरती हार्डडिस्क अजून आत असेल, तर तिच्या जागी एसएसडी घाल.

आता उष्णतेकडे येतो, कारण या सगळ्या कामाचा जीव तिथे आहे. तुझी चिप ३७ वॉटची, नवी ४७ वॉटची. आकड्यात फरक लहान दिसतो, पण ते दहा वॉट त्याच तांब्याच्या नळीतून, त्याच पंख्याने बाहेर काढायचे असतात, आणि ते निघाले नाहीत तर शंभर अंशांच्या जवळ पोचताच प्रोसेसर आपला वेग स्वतःच कमी करतो. मग पैसे मोजून घेतलेला आय-७ जुन्या आय-५ सारखा रांगतो. मी माझे यंत्र पहिल्यांदा उघडले तेव्हा पंख्याच्या आणि पितळी रंगाच्या पातळ पत्र्यांच्या मधोमध धुळीचा अक्षरशः नमदा बसला होता. चिमट्याने धरून ओढला तर तो अखंड निघून हातात आला, बोटाएवढा जाड, राखाडी, त्यात कुणाचे तरी केस गुंतलेले. चिपची उष्णता तांब्याकडे पोचवणारी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती आणि नखाने खरवडली की भुगा पडत होता. प्रोसेसर न बदलता नुसती ही सफाई करून ताजी पेस्ट लावली, तेवढ्यानेच तापमान बारा-तेरा अंशांनी उतरले. तुमच्याकडच्या धुळीत तुझ्या यंत्राची अवस्था याहून बरी नसणार. म्हणून चिप मागवण्याआधी एक दिवस फक्त सफाईला दे, आणि सफाईच्या आधी व नंतर, पूर्ण भार असताना किती अंश दिसतात ते वहीत लिहून ठेव. हा आकडा हाताशी नसेल, तर पुढे काय सुधारले आणि काय बिघडले हे कशावरून ठरवणार?

चिप जुन्या बाजारातूनच घ्यावी लागेल. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत विचारता येईल; सुटे केलेले लॅपटॉप जिथे विकले जातात तिथे असे प्रोसेसर मिळतात. घेताना चिपवर छापलेली अक्षरे भिंगातून वाच. विक्रीसाठी बनवलेल्या त्या काळच्या इंटेल चिपवर ‘एसआर’ने सुरू होणारा छोटा संकेत असतो. मला एका विक्रेत्याने पहिल्यांदा पाठवलेल्या चिपवर त्याऐवजी ‘क्यू’ने सुरू होणारा संकेत होता. तो चाचणीसाठी बनवलेला नमुना होता. त्यावर माझे यंत्र सुरूच झाले नाही. पडदा काळा, नुसता पंखा फिरतोय. मदरबोर्ड जळाला असे समजून मी दोन दिवस फार अस्वस्थ होतो. जुनी चिप परत घातली आणि यंत्र सुरू झाले, तेव्हा कुठे उलगडा झाला. त्यानंतर विक्रेत्याने ती बदलून दिली, पण तीन आठवडे गेले. जुनी चिप कधीही लगेच विकून टाकू नये, हे मी तेव्हापासून धरून आहे.

आणखी एक गोष्ट चिप बदलण्याआधीच उरकायची. ४८१०एमक्यू ही चिप २०१४ मध्ये आली, यंत्र त्याआधीचे आहे. म्हणून जुनी चिप आत असतानाच, चार्जर लावून आणि बॅटरी भरलेली ठेवून, बायॉस, म्हणजे यंत्र सुरू करणारी मूळ आज्ञावली, शेवटच्या आवृत्तीवर आण. डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्क-कुलूप, चालू असेल तर त्याची पुनर्प्राप्ती किल्ली कागदावर लिहून ठेव, कारण असे बदल झाल्यावर यंत्र ती मागू शकते.

प्रत्यक्ष बदल म्हणशील तर तासाभराचे काम. कुठला स्क्रू कुठे हे निर्मात्याच्या दुरुस्ती-पुस्तिकेत चित्रांसह दिलेले आहे, ती उतरवून घे आणि तिच्याच क्रमाने जा. मी इथे ते लिहीत बसत नाही. बॅटरी काढल्यावर पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धर, म्हणजे उरलेला विद्युतभार निघून जाईल. हीटसिंकच्या, म्हणजे चिपवर बसून उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या भागाच्या, स्क्रूंजवळ धातूवरच आकडे कोरलेले असतात. ते उलट क्रमाने थोडे थोडे सैल कर, आणि परत बसवताना त्या आकड्यांच्या क्रमाने आवळ. हे मुद्दाम सांगतो, कारण लॅपटॉपच्या चिपवर डेस्कटॉपसारखे धातूचे झाकण नसते. मधला आरशासारखा चकचकीत तुकडा उघडाच असतो, आणि एकाच बाजूने दाब पडला तर त्याचा कोपरा टवका उडाल्यासारखा फुटतो. सॉकेटच्या कडेला एक चपट्या खाचेचा स्क्रू आहे. तो अर्धा फेरा फिरवला की पकड सुटते आणि चिप जराही जोर न लावता उचलली जाते. नव्या चिपच्या एका कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळव आणि ती नुसती सोडून दे. आपल्या वजनाने बसली तर बरोबर; दाबावी लागत असेल तर थांब, कुठली तरी पिन वाकली आहे. पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी घेऊन एखाद्या जुन्या प्लॅस्टिक कार्डाच्या कडेने पातळ पसरव.

पहिल्यांदा सुरू करताना पडदा थोडा वेळ काळा राहील. घाबरून लगेच बंद करू नकोस.

चार्जरविषयी तू काही लिहिले नाहीस, पण मागे भेटलास तेव्हा तुझ्या हातात ९० वॉटचा, कुठल्याशा दुकानातून घेतलेला पर्यायी चार्जर पाहिल्याचे मला आठवते. या यंत्राचा मूळ चार्जर १८० वॉटचा आहे. त्याच्या टोकाच्या मधोमध सुईसारखी एक पिन असते आणि तिच्यातून यंत्र चार्जरची ओळख पटवून घेते. ओळख पटली नाही किंवा वॉट कमी पडले, तर प्रोसेसरला मुद्दाम मंद गतीने चालवले जाते. तुझ्या आजच्या हळूपणाला हेही एक कारण असू शकेल, म्हणून सर्वांत आधी हेच तपासून पाहा.

राहिले ग्राफिक्स कार्ड. आपल्या यंत्रात ते एमएक्सएम नावाच्या सुट्या पट्टीवर आहे, रॅमसारखे तिरके घालून खाली दाबायचे आणि स्क्रू लावायचे. एमएक्सएम ३.० मध्ये ‘ए’ प्रकाराची पट्टी ८२ गुणिले ७० मिलिमीटरची आणि ‘बी’ प्रकाराची ८२ गुणिले १०५ ची असते. आपल्याकडे लहान, म्हणजे ‘ए’ बसते. माझ्याकडे तुझ्यासारखेच एनव्हिडियाचे क्वाड्रो के११००एम होते, ते काढून मी के२१००एम बसवले. त्यात ३८४ च्या जागी ५७६ गणनगाभे आहेत, पण स्मृती दोन्हींत २ जीबीच आणि विजेची गरज ४५ वरून ५५ वॉट. शिरोलीच्या फाउंड्रीसाठी मी कास्टिंगच्या पॅटर्नची त्रिमितीय चित्रे करतो. मोठी जुळणी पडद्यावर फिरवताना ती पूर्वी अडखळत असे, आता सलग फिरते. दिवसातले सहा तास तेच काम असल्यामुळे मला तो खर्च योग्य वाटला.

पण बसवताना माझी एक चूक झाली. कार्डावरच्या स्मृतीच्या चिपांवर उष्णता वाहून नेणारे मऊ पॅड लावायचे असतात. जुने पॅड फाटले, म्हणून मी हाताशी असलेले दीड मिलिमीटरचे लावले. तिथे एक मिलिमीटरचे हवे होते. त्या अर्ध्या मिलिमीटरने हीटसिंक उचलून धरला आणि मुख्य चिपला तो टेकलाच नाही. पाच मिनिटांत तापमान नव्वदीपार गेले. उघडून पाहिले तर पेस्ट मी लावली तशीच, न दबलेली, तिच्यावर तांब्याचा ठसासुद्धा उमटलेला नव्हता. वेळेत बंद केले म्हणून कार्ड वाचले.

तुझ्या कामात मात्र चित्र पडद्यावर फिरवण्याचा प्रश्न फारसा नाही. छायाचित्रे जोडताना ग्राफिक्स कार्डाचा उपयोग होतो तो फार थोड्या टप्प्यांत, आणि एवढ्या जुन्या पिढीच्या कार्डाला नव्या आज्ञावल्या दिवसेंदिवस सोडून देत आहेत. एनव्हिडियाच्या ४७० या शाखेनंतर केप्लर पिढीच्या, म्हणजे आपल्या या दोन्ही, कार्डांसाठी नवा ड्रायव्हर (कार्ड चालवणारी आज्ञावली) नाही. त्याहून नवे, मॅक्सवेल पिढीचे एम२०००एम बसवण्याचा मोह मलाही झाला होता. पण जे कार्ड निर्मात्याने या यंत्राबरोबर कधी दिलेच नाही, ते या यंत्रात ड्रायव्हरला ओळखता येत नाही. मग ड्रायव्हरच्या फायलीत स्वतः ओळी घालाव्या लागतात, आणि दुसऱ्या कंपनीच्या यंत्रातले कार्ड असेल तर त्याच्या स्वतःच्या बायॉसमुळे पडदा काळा राहण्याचा धोका वेगळाच. गावोगावी फिरणाऱ्या माणसाच्या रोजच्या यंत्रावर असा प्रयोग करू नये.

एक अडचण तुला आधीच माहीत असलेली बरी. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचीच चिप लागते, म्हणजे हा बदल करूनही तू त्या रांगेत बसणार नाहीस. तुझी नकाशाची साधने विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स या मोफत प्रणालीवर उत्तम चालतात, किंबहुना छायाचित्रे जोडण्याचे काम तिथे अधिक सुरळीत होते. तेव्हा एसएसडी नवी घातलीस की तिच्यावर लिनक्सच घाल. त्यामुळे हे यंत्र तुला आणखी चार-पाच वर्षे साथ देईल असा माझा अंदाज आहे, आणि त्या हिशेबाने रॅम, एसएसडी, चिप आणि खरा चार्जर एवढाच खर्च कर.

पेस्टची एक नळी, एक मिलिमीटरच्या पॅडची पट्टी आणि माझा बारीक तोंडाचा स्क्रू-ड्रायव्हर उद्याच्या पार्सलने पाठवतो आहे. चिप हाती आली की तिच्यावरच्या अक्षरांचा फोटो पाठव, मी वाचून सांगेन. तोवर जुनी चिप सॉकेटातून काढू नकोस. त्यानंतरच्या रविवारी दुपारी फोनवर व्हिडिओ लावून बस. मीही माझ्या यंत्राचे झाकण काढून समोर ठेवतो, म्हणजे तू कुठला स्क्रू म्हणतोस ते मला माझ्याकडे बोट ठेवून दाखवता येईल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
कोल्हापूरचा मित्र