योगाची पुरवणी आणि बँकेचा काउंटर

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी 21 जून जवळ आला की पेपरात योगाची पुरवणी येते, ताडासन, भुजंगासन, मधुमेहासाठी हे, पाठीसाठी ते, सगळं उपयोगी आहे, मी स्वतः रोज सकाळी आसनं करते आणि त्याचा फायदाही होतो. पण पतंजलींच्या योगसूत्रांत 195 सूत्रं आहेत (काही प्रतींत 196) आणि त्यातली थेट आसनावरची फक्त तीन! बाकीचं बहुतेक मनाबद्दल आहे, त्यावर आपण कधी बोलणार?

पहिल्या पादातलं, म्हणजे अध्यायातलं, 33वं सूत्र घ्या. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, चांगलं करणाऱ्याबद्दल मुदिता म्हणजे मनापासून आनंद, आणि वाईट वागणाऱ्याची उपेक्षा, याने चित्त प्रसन्न होतं. श्वासाचा उपाय त्याच्या पुढच्या सूत्रात येतो, तोही 'वा' म्हणून, म्हणजे हे नाहीतर ते. माणसांशी कसं वागायचं हा सुद्धा प्राणायामाच्या बरोबरीचा योगाभ्यासच आहे, असं मला अगदी मनापासून वाटतं.

मी बँकेत काउंटरला असते. नोव्हेंबरमध्ये पेन्शनवाल्यांची हयातीच्या दाखल्यासाठी गर्दी होते आणि बऱ्याच आजी-आजोबांचे अंगठे मशीनवर उमटतच नाहीत, आयुष्यभर काम करून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, मग बोट पुसा, दुसरं बोट लावा, परत पहिलं लावा, मागे लाइन वाढत जाते आणि समोरचे आजोबा घाबरून विचारतात, "मॅडम, पेन्शन बंद तर नाही ना होणार?" तेव्हा "काका बसा, नाहीच उमटलं तर कागदाचा फॉर्म भरून घेऊ" हे न चिडता म्हणता येणं ही करुणा. लाइनीतून कोणीतरी आमच्या पगारावरून ओरडतो, ते घरी घेऊन जायचं नाही, ही उपेक्षा. आणि शेजारच्या टेबलवरच्या मैत्रिणीचं प्रमोशन झालं की पेढा खाताना आत काही टोचू नये ही मुदिता, खरं सांगू का, चारांत हीच सगळ्यात अवघड, शीर्षासन परवडलं!

कोणी म्हणेल हे तर साधे संस्कार झाले, यात योग कुठे आला? पण अभ्यास दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने केला तरच पक्का होतो असं पतंजलीच सांगतात, आणि त्यासाठी ना मॅट लागते ना क्लास, गर्दीची लोकल आणि घरचा व्हॉट्सॲप ग्रुप सुद्धा चालतो.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या जूनच्या पुरवणीत आसनांच्या फोटोंशेजारी या सूत्राला निदान अर्धं पान द्या. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढली, तिथे आसनांसोबत ग्रंथांचाही अभ्यास चालतो, त्यामुळे लिहायला जाणकार माणसं शोधायला लांब जावं लागणार नाही.

आपली,
एक नियमित वाचक