बंदूक दुरुस्तीला द्यायची कोठे?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वानर आणि रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी कोकणातल्या अनेक शेतकऱ्यांकडे परवान्याची ठासणीची किंवा बारा बोअरची बंदूक आहे आणि त्यांतल्या कित्येक वाडवडिलांच्या काळापासूनच्या आहेत. परवान्याचे नूतनीकरण कधी करायचे, निवडणुकीच्या वेळी बंदूक ठाण्यात कधी जमा करायची, हे आम्हाला वेळेवर कळवले जाते. ती बिघडली तर कोणाकडे न्यावी, हे मात्र कोणी सांगत नाही. मग जवळचा म्हणून गावातला लोहार किंवा वेल्डिंगवाला गाठला जातो.

हे थांबले पाहिजे, असे मला कळकळीने वाटते. शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम ५ नुसार शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायाला स्वतंत्र परवाना लागतो आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याच्या उल्लंघनाला किमान सात वर्षे कैदेची शिक्षा आहे. चार पैशांसाठी मदतीला आलेला बिचारा लोहार त्यात अडकू शकतो. त्याच्या हातात कसब नाही असे नव्हे, पण हे काम वेगळे आहे. डबल बार म्हणजे दुनळी बंदुकीच्या दोन नळ्यांमधली पट्टी कमी उष्णतेच्या डाखाने जोडलेली असते. तिथे गॅसची ज्योत लावली की नळीच्या पोलादाची ताकद जाते, आणि वरून काहीच दिसत नाही. घोडा अडकवणारी खाच झिजली असेल तर चाप न ओढता, नुसत्या धक्क्याने बार उडतो. ती खाच अंदाजाने कानशीने घासली तर धोका वाढतोच. नळीचे तोंड फाटले म्हणून करवतीने कापून देणारेही आहेत. परवान्याशिवाय नळी आखूड करणे हा कलम ६ नुसार वेगळा गुन्हा आहे, हे त्यांना ठाऊक नसते.

म्हणून थोडे लांब पडले तरी दुरुस्तीचा परवाना असलेल्या दुकानातच जावे, तो परवाना मुदतीत आहे का ते पाहावे आणि बंदुकीचा क्रमांक लिहिलेली पावती घेतल्याशिवाय ती हातची सोडू नये. नळी आतून तपासण्याची साधने आहेत का, हेही विचारावे. दोष न मोजताच खर्चाचा आकडा सांगणाऱ्यावर माझा तरी विश्वास बसणार नाही. वयोवृद्ध परवानाधारकाला प्रवास झेपत नसेल, तर कलम ३ मधील तरतुदीप्रमाणे त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्या व्यक्तीला दुरुस्तीसाठी बंदूक नेता येते. ही सोय फार थोड्यांना माहीत आहे.

जिल्हाधिकारी कार्यालयाकडे परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्यांची नोंद असतेच. ती नावे व पत्ते प्रत्येक पोलीस ठाण्याच्या फलकावर लावावेत आणि नूतनीकरणाच्या वेळी परवान्यासोबत हातात द्यावेत, अशी माझी प्रशासनाला विनंती आहे. ज्या तालुक्यात असा एकही कारागीर नाही, तिथे पावसाळा संपताच ठाण्याच्या आवारात परवानाधारक कारागिराकडून बंदुकांची तपासणी करून घेण्याचा विचार व्हावा.

आपला,
एक परवानाधारक शेतकरी, सिंधुदुर्ग