आरोग्यशिक्षण मंत्र्यांना खुलं पत्र: नवीन ॲप नको, वॉर्डात शिकवणारं माणूस द्या

माननीय मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी नर्सिंग आणि पब्लिक हेल्थ दूरस्थ पद्धतीने शिकवते. या विषयावर मीटिंग झाली की चर्चा फिरून फिरून प्लॅटफॉर्मवरच येते, नवीन पोर्टल, नवीन ॲप, रेकॉर्डेड लेक्चर्सची लायब्ररी. शिकवणाऱ्यांना कोणी विचारतच नाही म्हणून हे पत्र.

आधी एक सांगते, दूरस्थ शिक्षणाने आरोग्याचे विषय शिकवताच येत नाहीत असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. एपिडेमिऑलॉजी, बायोस्टॅट, फार्माकॉलॉजीची थिअरी, हेल्थ मॅनेजमेंट हे सगळं छान शिकवता येतं, आणि कधीकधी वर्गापेक्षाही चांगलं, कारण आमचे बरेच विद्यार्थी आधीच नोकरीत असतात, नाईट ड्युटी करून लेक्चर बघतात आणि प्रश्न विचारतात ते थेट वॉर्डातले, म्हणजे पुस्तकात हा डोस असा दिलाय पण आमच्या पेशंटची किडनी अशी आहे तर काय करायचं. असा प्रश्न विशीतल्या मुलामुलींच्या वर्गात क्वचितच येतो.

अडतं ते पुढे. साधं बीपी मोजणं घ्या. विद्यार्थी व्हिडिओ पाठवतो, कफ बाहीवरून गुंडाळलेला, हात खाली लोंबकळतोय, हवा भसकन सोडलेली, आणि शेवटी आत्मविश्वासाने उत्तर 120/80. कफ आणि हात मला दिसतो हो, पण 1905 साली कोरोत्कॉफ या रशियन डॉक्टरने वर्णन केलेले, कफची हवा सोडताना स्टेथोस्कोपमधून येणारे ते आवाज त्याच्या कानात खरंच ऐकू आले का, हे मला स्क्रीनवरून कसं कळणार? पोट तपासताना बोटांचा दाब किती, गरोदर बाईच्या पोटावरून बाळाचं डोकं लागलं की नाही, हे शेजारी उभं राहूनच बघावं लागतं. विद्यार्थ्याचं कौशल्य कुठवर आलंय ते तपासायला मिलरने 1990 मध्ये मांडलेला चार पायऱ्यांचा पिरॅमिड आम्ही सगळे शिकवतो, खालून वर, माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, आणि प्रत्यक्ष कामात करतो. आपल्या ऑनलाइन एमसीक्यू, म्हणजे पर्याय निवडायच्या परीक्षा खालच्या दोन पायऱ्यांवरच थांबतात आणि सर्टिफिकेट मात्र चारही पायऱ्यांचं मिळतं!

मग यावर उपाय म्हणून कागदावर ‘स्थानिक मार्गदर्शक’ असतो. तो कोण तर विद्यार्थ्याच्याच दवाखान्यातला सीनियर, ज्याला ना वेळ, ना मानधन, ना कसलं ट्रेनिंग, आणि तो लॉगबुकवर सगळ्या सह्या एका बैठकीत करतो. त्याला दोष देत नाही मी, फुकटात त्याने आणखी काय करावं.

दुसरी गोष्ट पेशंटच्या फोटोंची. केस डिस्कशनसाठी जखमेचे, एक्स-रेचे फोटो ग्रुपवर येतात, कधी कोपऱ्यात नावसुद्धा दिसतं, संमती घेतली का विचारलं तर शांतता. शिक्षक डिलीट करायला सांगतात, पण तोवर ते दहा फोनमध्ये गेलेलं असतं. याला लेखी नियम हवा आणि सुरक्षित जागा हवी, प्रत्येक शिक्षकाच्या सद्सद्विवेकावर सोडून चालणार नाही.

आणि आमचा वेळ. लेक्चर एकदा रेकॉर्ड झालं की शिक्षकाचं काम संपलं असं धरून विद्यार्थीसंख्या वाढवतात, पण खरं काम तर त्यानंतर सुरू होतं, प्रत्येकाचा व्हिडिओ बघायचा, कुठे चुकलं ते लिहायचं, तो परत पाठवणार, परत बघायचा. वर्कलोडच्या तक्त्यात याला रकानाच नाही. (अटेंडन्सच्या रिपोर्टला मात्र आहे.)

तर मागणी एवढीच आहे की पुढच्या बजेटमध्ये सॉफ्टवेअरच्या आधी स्थानिक मार्गदर्शकाचं मानधन, ट्रेनिंग आणि ड्युटीतून राखीव तास धरा. प्रत्येक सत्रात समोरासमोरचे स्किल लॅबचे दिवस सक्तीचे करा आणि ज्या कोर्समध्ये पेशंटला हात लावायचाय तिथे शेवटची परीक्षा ऑस्की पद्धतीने, म्हणजे एकेका टेबलावर एकेक कौशल्य करून दाखवायला लावून, परीक्षक समोर बसूनच घ्या. हार्डेनने ती पद्धत 1975 सालीच मांडलीय, नवीन काही शोधायचं नाहीये. आणि एवढं करणं ज्या संस्थेला जमत नसेल तिला थिअरीचे कोर्स चालवू द्या, क्लिनिकल कोर्सची परवानगी देऊ नका.

आपली,
दूरस्थ शिक्षणातली एक शिक्षिका