एकाच माउथपीसवर तीन दर : केंद्रीय अर्थमंत्र्यांना परभणीहून खुले पत्र

परभणी, १० जानेवारी २०२५

प्रति,
मा. श्रीमती निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थमंत्री, नवी दिल्ली

विषय : वैयक्तिक वापरासाठी परदेशातून मागवलेली वाद्ये व त्यांचे सुटे भाग यांवरील आयात शुल्क

महोदया,
सविनय नमस्कार.

दरवर्षीप्रमाणे १ फेब्रुवारीला आपण अर्थसंकल्प मांडाल. त्याआधी सीमाशुल्काच्या दरपत्रकातल्या एका ओळीकडे आपलं लक्ष वेधावं, एवढ्यासाठी हे पत्र. ती ओळ आहे शीर्षक ९८०४ ची : वैयक्तिक वापरासाठी टपालाने किंवा विमानाने आलेला शुल्कपात्र माल. बहुतेकांचा या ओळीशी कधी संबंध येत नाही. आमचा येतो.

मी परभणीत क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन शिकवतो. माझ्याकडे येणारी बरीच मुलं बँडवाल्यांच्या घरची आहेत. आजोबा सनई किंवा हलगी वाजवायचे, वडील लग्नाच्या वरातीत क्लॅरिनेट वाजवतात आणि मुलाला आता राग शिकायचा आहे, विद्यापीठाच्या युवक महोत्सवात एकटं बसून वाजवायचं आहे. तुळशीच्या लग्नापासून मृगापर्यंत लग्नसराई, फेब्रुवारीत इथल्या तुराबुल हक दर्ग्याचा उरूस, एप्रिलमध्ये भीमजयंतीच्या मिरवणुका, नंतर गणपती. वर्षाचं पोट यावर चालतं. मराठवाड्यातल्या अनेक घरांत क्लॅरिनेट हे कमाईचं साधन आहे.

वाद्य मेरठचं असतं. मेरठची जली कोठी ही वस्ती बँडच्या वाद्यांसाठी देशभर ओळखली जाते आणि आमचे बँडवाले तिथलाच माल वापरत आले आहेत. माझी त्याबद्दल काही तक्रार नाही. अडतं ते माउथपीस, म्हणजे तोंडात धरायचा भाग, आणि त्यावर बसवलेली रीड यांपाशी. वाजवणाऱ्याचा ओठ आणि वाद्य यांची गाठ तिथेच पडते. माउथपीसच्या टोकाची आतली कड आणि रीड यांच्यात जी बारीक फट असते, तिच्यावर सगळा स्वर अवलंबून असतो. ती कड जरा झिजली किंवा तिला ओरखडा पडला की वरच्या पट्टीत आवाज चिरकतो. वरातीत ढोल-ताशात ते झाकून जातं. पण दरबारी रागातला आंदोलित, म्हणजे हळुवार झुलणारा गंधार नुसत्या ओठाच्या दाबावर काढायचा असेल, तर तिथे झाकायला काही नसतं. बँडवाले रीडला पत्ती म्हणतात. चांगली पत्ती बोरूच्या जातीच्या नळापासून बनते आणि त्यासाठी नावाजलेला नळ फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या वार भागात होतो. आमच्या मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या पुढे जातो. तेव्हा ती पत्ती कोरडी पडून वाकडी होते आणि उजेडासमोर धरली की टोकाला गेलेली केसासारखी चीर दिसते. म्हणजे पत्त्या सतत लागतात. परभणी, लातूर, संभाजीनगर सगळीकडे विचारून झालं. हव्या त्या नंबरचं माउथपीस नाही, पत्त्या असल्या तर जाडीचा नंबर नाही. मुंबईतले दुकानदारही म्हणतात, एका नगासाठी मागवणं परवडत नाही.

त्यामुळे दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्यासाठी युरोपातल्या दुकानातून माउथपीस आणि पत्त्यांची काही पाकिटं मागवली. हिशेब गोल आकड्यांत मांडतो. माल दहा हजारांचा, पाठवणावळ दोन हजार. शुल्क नुसत्या मालावर लागत नाही, पाठवणावळ धरून लागतं, म्हणजे बारा हजारांवर. मूळ सीमाशुल्क ३५ टक्के, ४,२०० रुपये. त्यावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, ४२० रुपये. या सगळ्या बेरजेवर २८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयात मालावरचा जीएसटी, ४,६५४ रुपये. एकूण ९,२७४ रुपये, म्हणजे ७७.२८ टक्के. कुरिअर कंपनीने आमच्या वतीने शुल्क आगाऊ भरल्याची फी लावली ती वेगळी, आणि त्या फीवर पुन्हा जीएसटी.

२०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि आमच्या बाजारात भाव त्याच्याही खाली होता. त्या मुलाच्या घरी दोन एकर कोरडवाहू आहे. जवळपास दोन क्विंटल सोयाबीन नुसत्या शुल्कात गेलं.

आता मुद्द्यावर येतो; या पत्रातले सगळे दर आणि मर्यादा जानेवारी २०२५ च्या आहेत. हेच माउथपीस मुंबईच्या दुकानदाराने मागवलं असतं, तर ते दरपत्रकाच्या ९२ व्या प्रकरणात, वाद्ये आणि त्यांचे भाग यांत मोजलं गेलं असतं. तिथे मूळ शुल्क १० टक्के, अधिभार धरून ११, आणि आयजीएसटी १८ टक्के. सगळं मिळून ३०.९८ टक्के. बारा हजारांवर ३,७१८ रुपये. शिवाय व्यापाऱ्याला आयजीएसटीची वजावट मिळते, विद्यार्थ्याला मिळत नाही. तिसरा मार्ग आणखी वेगळा आहे. ज्याचा भाऊ किंवा भाचा अमेरिकेत आहे, तो सुट्टीला येताना हीच वस्तू बॅगेत घालून आणतो. विमानाने येणाऱ्या प्रवाशाला पन्नास हजारांपर्यंतच्या सामानावर शुल्क माफ आहे आणि त्यावरच्या रकमेवर ३८.५ टक्के लागतं. म्हणजे माउथपीस एकच, पण परदेशात नातेवाईक असलेल्याला शून्य, व्यापाऱ्याला एकतीस आणि परभणीच्या मुलाला सत्त्याहत्तर. ज्याच्याकडे सगळ्यात कमी आहे, त्याच्याकडून सगळ्यात जास्त घ्यावं, असं कुणी मुद्दाम ठरवलं असेल असं मला वाटत नाही. पण ओळ तशी आहे आणि ती वर्षानुवर्षं तशीच आहे.

शुल्क असूच नये, असं माझं म्हणणं नाही. देशी कारागिराला संरक्षण हवंच. हाताने बनवलेल्या देशी वाद्यांना आपण जीएसटीतून वगळलं आहे, मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. याचा आनंद मलाही आहे. पण ७७ टक्क्यांनी इथे संरक्षण कुणाला मिळतं? कारागीर वाचवायचा असेल, तर तो दर व्यापारी आयातीवर आधी लागला असता, कारण माल तिथून घाऊक येतो. एकेक नग मागवणाऱ्या शिक्षकामुळे मेरठचा कुठलाच कारखाना अडचणीत येत नाही. उलट चांगलं माउथपीस लागलं की मेरठचं क्लॅरिनेटच अधिक गोड वाजतं, त्याला गिऱ्हाईक वाढतं.

परदेशी वाद्याचे लाड कशाला, असंही कुणी म्हणेल. आमच्या गावोगावच्या कीर्तनात, हरिपाठात जी पेटी वाजते तिचं मूळ पॅरिसचं आहे. अलेक्झांद्र दबेँ याने ती १८४० च्या सुमारास घडवली आणि पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी ती मांडी घालून वाजवण्याजोगी केली. व्हायोलिन दक्षिणेने दोनशे वर्षांपूर्वी आपलंसं केलं. कद्री गोपालनाथांनी सॅक्सोफोनवर कर्नाटक संगीत वाजवलं आणि सरकारने त्यांना पद्मश्री दिली. वाद्य आपलं होतं ते वाजवून, आणि वाजवायचं तर ते आधी हातात यावं लागतं.

काही जण सांगतात, आयईसी, म्हणजे आयात-निर्यातदाराचा क्रमांक काढा, म्हणजे ९२ व्या प्रकरणाचा दर लागेल. त्याची फी फक्त पाचशे रुपये आहे, हे मान्य. पण दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये माहिती अद्ययावत करा, चालू खातं ठेवा, आयातदाराची कागदपत्रं भरा, हे सगळं बारावीतल्या मुलाने पत्त्यांच्या दोन पाकिटांसाठी करायचं? तो आयातदार नाही, तो विद्यार्थी आहे. दुसरा सल्ला याहून वाईट. दुकानाला सांगा, बिल कमी रकमेचं करा किंवा ‘भेट’ असं लिहा. डिसेंबर २०१९ पासून राखी आणि जीवरक्षक औषधं सोडली तर भेटवस्तूही करमुक्त येत नाहीत, तरी हा सल्ला आजही सर्रास दिला जातो. मी माझ्या मुलांना हे करू देत नाही. पण दर असा ठेवायचा की खरं सांगणाऱ्याला खोटं सांगणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त भरावं लागेल, ही गोष्ट मला मनापासून खटकते. सोळा वर्षांच्या मुलाने सरकारशी केलेला हा पहिलाच व्यवहार असतो.

माझी मागणी मोठी नाही. वैयक्तिक आयातीतही ९२ व्या प्रकरणातल्या वस्तूंना, म्हणजे वाद्ये, तारा, पत्त्या, माउथपीस आणि इतर सुट्या भागांना, त्याच प्रकरणाचा दर लावा. शीर्षक ९८०४ मध्येच औषधांसाठी वेगळा, कमी दर आहे, म्हणजे अपवाद करण्याची सोय त्या ओळीत आधीपासून आहे. पार्सलवर मालाचा वर्गीकरण क्रमांक बहुतेक वेळा लिहिलेला असतो, त्यामुळे अधिकाऱ्याला वेगळं फारसं काही तपासावं लागणार नाही. २८ टक्के आयजीएसटीचा प्रश्न जीएसटी परिषदेत जाईल, हे मला माहीत आहे. त्या परिषदेच्या अध्यक्षही आपणच आहात. दुरुपयोगाची भीती असेल तर रकमेची मर्यादा घाला, एका व्यक्तीला वर्षात पन्नास हजार म्हणा. प्रवाशाच्या बॅगेला जी मर्यादा आहे तीच परभणीच्या पार्सलला मिळाली, तरी आमचं काम भागतं.

आणखी एक छोटी गोष्ट. पैसे भरा असा संदेश येतो, तेव्हा त्यात फक्त एकूण रक्कम असते. मूल्य किती धरलं, कोणता दर लावला, कुरिअरची फी किती, हे मागितल्याशिवाय कळत नाही आणि मागेपर्यंत पार्सल मुंबईत पडून राहतं. हा तपशील मराठीत, पहिल्याच संदेशात मिळाला पाहिजे. वस्तू अडकली तर परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबईला जाणं, हे रोजंदारीवर वाजवणाऱ्या माणसाला जमत नाही.

आपलं खातं मराठवाड्याला अनोळखी नाही. नांदेडचे शंकरराव चव्हाण १९८८-८९ मध्ये याच पदावर होते आणि संभाजीनगरचे डॉ. भागवत कराड २०२१ ते २०२४ या काळात आपल्यासोबत राज्यमंत्री होते. आमच्याकडच्या घरात एका वेळी नऊ हजार रुपये बाजूला काढणं म्हणजे काय, हे डॉ. कराडांना विचारलंत तरी कळेल.

वर दिलेल्या हिशेबाच्या मूळ बिलाची आणि शुल्काच्या पावतीची प्रत या पत्राच्या टपालाने पाठवलेल्या प्रतीसोबत जोडली आहे. विद्यार्थ्याचं नाव त्यावरून झाकलं आहे. आपल्या कार्यालयाने पोच दिली, तर ती मी माझ्या वर्गात वाचून दाखवेन.

आपला नम्र,
क्लॅरिनेट-सॅक्सोफोन शिकवणारा एक शिक्षक,
परभणी