बार्स्काया यांना वगळू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला सुरुवातीच्या सोव्हिएत सिनेमावरचा लेख आवडला. मात्र वर्गसंघर्षात ओढल्या गेलेल्या मुलांचा विषय निघाला, तेव्हा सगळी जागा दिग्दर्शक आयझेनस्टाईनच्या ‘बेझिन मेडो’ या चित्रपटानं खाल्ली. दिग्दर्शिका मार्गारिता बार्स्काया यांचं साधं नावही नाही, याची रुखरुख लागली.

‘बेझिन मेडो’ची कहाणी चटका लावणारी आहे, हे मान्य. 1937 मध्ये वरून हुकूम आला, काम थांबलं, फिल्म नष्ट झाली. जपून ठेवलेल्या सुट्या चौकटींतून पुढं साठच्या दशकात अर्ध्या तासाचा चित्रपट जुळवला गेला. पण बापाविरुद्ध उभा राहणारा त्यातला स्तेपोक मला देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखा वाटतो. सोनेरी केस, त्यांवर उजेड, प्रत्येक चौकट रेखीव. या पोराला कधी भूक लागत असेल, असं वाटतच नाही.

बार्स्काया यांचा ‘टॉर्न बूट्स’ (1933) याच्या अगदी उलट. जर्मनीची आठवण करून देणारा भांडवलशाही देश, गोदी कामगारांचा संप आणि त्यांची पोरं. विकण्याजोगं काही सापडतंय का, म्हणून ही पोरं कचरा उपसतात. मोठ्यांचं राजकारण शाळेतल्या भांडणांत उतरतं. काही कलाकार तर इतके चिमुकले, की त्यांच्याकडून संवाद पाठ करून घेणं अशक्यच! बोलपट नुकता आला होता, ध्वनिमुद्रणाची यंत्रं अवजड होती. तरी या पोरांचं अडखळणं, एकमेकांचं बोलणं तोडणं जसंच्या तसं ऐकू येतं. वर्गसंघर्ष इथं भाषणातून नाही, रिकाम्या पोटातून कळतो. मला हे काम आयझेनस्टाईनच्या तोडीचं वाटतं.

आणि त्यांच्या वाट्याला काय आलं? पुढचा ‘फादर अँड सन’ (1936) प्रदर्शितच होऊ दिला नाही. 1939 मध्ये बार्स्काया यांनी आत्महत्या केली. ‘रोड टू लाइफ’मध्ये (1931) रस्त्यावरच्या अनाथ मुस्तफाची भूमिका करणारे रशियातल्या मारी समाजातले कवी इव्हान किर्ला यांनाही 1937 मध्ये अटक झाली, ते सक्तमजुरीच्या छावणीतच वारले. पडद्यावर कष्टकऱ्यांच्या मुलांना मोठं करणाऱ्या राजवटीनंच ही माणसं चिरडली. लेखात हे यायलाच हवं होतं.

आपल्याकडच्या फिल्म सोसायट्यांना विनंती आहे : ‘टॉर्न बूट्स’ मराठी उपशीर्षकांसह दाखवा, आणि त्या खेळाला शाळकरी मुलांनाही बोलवा.

आपली,
एक वाचक, कोल्हापूर