जुना कॅमेरा घेताय? नाव नंतर बघा

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीत रीळवाल्या जुन्या रेंजफाइंडर (लेन्सऐवजी वेगळ्या खिडकीतून बघून, दोन प्रतिमा जुळवत फोकस करायच्या) कॅमेऱ्यांवरचा लेख वाचला. फोटो झकास होते, पण सगळा भर लाइका या महागड्या जर्मन कॅमेऱ्यावर, आणि विकत घेताना काय तपासायचं ते एका ओळीत उरकलंय. आता पोरं ते वाचून ऑनलाइन 'टेस्टेड, फुल वर्किंग' लिहिलेला कुठलातरी डबा मागवणार म्हणून हे पत्र.

लाइका सोडा हो. स्वस्तात सोनेरी, जर्मन सैन्याचा शिक्का असलेला लाइका कोणी देत असेल तर तो बहुतेक रशियन झोर्की नाहीतर फेड असतो, वर नुसतं नाव कोरलेलं. झोर्की म्हणूनच घेतलात तर वाईट नाही, फक्त रीळ पुढे सरकवून शटर चढवल्याशिवाय शटर-स्पीडच्या चकतीला हात लावायचा नाही.

साध्या माणसाने याशिका इलेक्ट्रो ३५ (१९६६ साली आला) किंवा कॅनोनेट क्यूएल १७ जी-थ्री (१९७२) बघावा. दोघांची लेन्स एफ १.७, म्हणजे भरपूर उजेड आत घेणारी, घरातल्या उजेडातही भागतं. माझं मत कॅनोनेटला, कारण सेल नसला तरी शटर सगळ्या स्पीडला चालतं, याशिका सेलशिवाय सेकंदाच्या १/५०० वरच अडून बसतो. मूळ सेल दोघांचे पाऱ्याचे, ते आता बनत नाहीत. कॅनोनेटला श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा सेल चालतो, जरा लहान पडतो म्हणून भोवती रबराची रिंग घालायची. साधा दीड व्होल्टचा घातला की आतल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला उजेड जास्त वाटतो आणि फोटो काळपट येतात.

आता तपासायचं कसं, तर मुंबईत फोर्टात बोराबाजारात जा आणि कॅमेरा हातात घ्या. व्ह्यूफाइंडरच्या मधोमध पिवळट चौकोन दिसतो त्यात दोन प्रतिमा असतात, फोकस अनंतावर ठेवून लांबच्या मोबाइल टॉवरवर धरलं की त्या एकमेकीवर नीट बसल्या पाहिजेत. चौकोनच फिका पडला असेल तर नमस्कार करून बाहेर पडा, मग कितीही चकचकीत असू दे. मागचं झाकण उघडून शटर मारा, पाती रेंगाळतात का बघा. झाकणाच्या खाचेतला स्पंज डांबरासारखा चिकट झालेला असतोच, तो बदलता येतो, त्यासाठी सौदा मोडू नका. लेन्समधून टॉर्च मारा, बुरशीचे धागे लगेच दिसतात. याशिकाचा रीळ पुढे सरकवायचा खटका ओढताना आत 'खट्' असा आवाज आला पाहिजे, नाही आला तर आतला रबराचा तुकडा गेला समजा.

वापरताना एकच गोम, तुम्ही लेन्समधून बघतच नसता, त्यामुळे लेन्सवर टोपी असली तरी समोर सगळं छान दिसतं! टोपी खिशात ठेवा. जत्रेत, बाजारात वगैरे दरवेळी फोकस करत बसू नका, कॅनोनेटच्या लेन्सचं छिद्र एफ ८ वर आणि फोकस ३ मीटरवर लावून ठेवला की साधारण २ ते ५ मीटरमधलं सगळं स्पष्ट येतं, आणि दुसऱ्या कॅमेऱ्यांसारखा आत हलणारा आरसा नसल्यामुळे आवाज इतका कमी की कोणी वळूनही बघत नाही.

आणि पावसाळ्यात कातडी कव्हरात ठेवू नका, ते ओल धरतं. पुढच्या लेखात असे कॅमेरे दुरुस्त करणारे कारागीर कुठे बसतात तेवढं छापा, लाइकाचे फोटो पुरे झाले.

आपला,
एक वाचक, दादर