दहा मिनिटांची उलटतपासणी

संपादक महोदय,

तुळशीची लग्नं लागली की वधू-वर सूचक मंडळांत काम करणाऱ्या आमच्यासारख्यांचे रविवार भरून जातात. पत्रिका जुळते, घरच्यांना स्थळ पटतं, फोटो पाहून मुलगा-मुलगी मनातून खूश असतात. मग ‘जा, दोघं गॅलरीत बोला’ होतं आणि दहा मिनिटांत सगळं विस्कटतं. जिथे समोरचं माणूस आवडलेलं असतं तिथे तर जास्तच. न आवडलेल्याशी कुणीही मोकळं बोलतं!

आवडलं की छाप पाडायची घाई होते. मुलगा पॅकेज, ऑनसाइट, फ्लॅटचा ताबा यांवर घसरतो. मुलगी ‘हो’, ‘नाही’, ‘ठीक’वर येते. यातलं निम्मं बायोडेटात छापलेलं असतं. उंची, शिक्षण, पगार पुन्हा विचारू नये. ‘छंद काय?’ या प्रश्नाला ‘वाचन, प्रवास, संगीत’ हे उत्तर ठरलेलं, तिथे गप्पा संपतात. त्याऐवजी ‘गेल्या रविवारी काय केलंत?’ असं विचारावं. उत्तर आलं की त्यातलाच एखादा शब्द धरून पुढे जावं आणि मध्ये आपलंही काही सांगावं. सलग तीन प्रश्न विचारून स्वतःबद्दल चकार शब्द काढला नाही, तर ती उलटतपासणी होते. दोन-चार सेकंद शांतता पडली तर पडू द्यावी. ती भरायला केलेले विनोद हमखास फसतात.

दोघांनीही ‘तुम्ही’ने सुरुवात करावी. मुलगा थेट ‘तू’ आणि मुलगी मात्र ‘तुम्ही’, हे कानाला खटकतं. ‘एकेरीवर येऊ या का?’ असं विचारायला काय लागतं?

कौतुक रंगाचं किंवा बांध्याचं नको. ‘फोटोपेक्षा छान दिसता’ हे तर मुळीच नको, त्यात फोटोची नालस्ती आधी ऐकू येते. तिने किंवा त्याने सांगितलेल्या एखाद्या गोष्टीला मनापासून दाद दिली तरी पुरते.

लग्नानंतर कोणत्या शहरात राहायचं आणि नोकरीचं काय, हे पहिल्याच भेटीत विचारावं. कर्ज, आजार यांसारखे प्रश्न दुसऱ्या भेटीत, पण होकाराच्या आत. पालकांनीही अर्धवट लोटलेल्या दारामागे चार कान लावून बसू नये. त्यापेक्षा दोघांना जवळच्या एखाद्या हॉटेलात पाऊण तास चहाला पाठवावं. (पोहे नंतर गरम करता येतात.)

भेटीनंतर दुसऱ्या दिवशी, बोलण्यातला एखादा धागा धरून, एक मेसेज करावा. उत्तर नाही आलं तर चार-पाच दिवसांनी आणखी एक, मग थांबावं. नंबर वडीलधाऱ्यांकडून मिळाला म्हणजे रोज ‘गुड मॉर्निंग’ पाठवायची परवानगी मिळाली, असं नव्हे. मुलीने स्पष्ट नकार दिल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क साधत राहणं, हा 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आणि नकार द्यायचा तर तीन दिवसांत, मध्यस्थामार्फत, कारणांची यादी न लावता द्यावा. ‘कळवतो’ म्हणून महिनाभर टांगून ठेवलेली कुटुंबं आम्हाला रोज फोन करत असतात.

– वधू-वर सूचक मंडळातील काही कार्यकर्त्या, पुणे